पीएफ, ईएसआयसी, ग्रुप मेडिक्लेम, ग्रॅच्युइटी: कंपनीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही कंपन्यांना विमा काढून देतो आणि त्यांचं पीएफ-ईएसआयसीचं काम बघतो. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक म्हणजे भोसरी, चाकण, सातपूर, गोकुळ शिरगाव अशा एमआयडीसीतले छोटे-मध्यम कारखानदार, नाहीतर शहरातली वीस-पंचवीस जणांची ऑफिसं. सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात म्हणून इथे एकत्र लिहिलेत. वाचून झाल्यावरही शंका राहिली तर बिनधास्त विचारा, पण आधी नॉमिनेशनचा (माणसाच्या मागे पैसे कुणाला मिळणार ते नाव नोंदवण्याचा) प्रश्न तरी नक्की वाचा.

आमच्याकडे १४ माणसं आहेत. आम्हाला नेमकं काय लागू होतं?

१० माणसं झाली की ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना द्यायची एकरकमी रक्कम) आणि बाळंतपणाची पगारी रजा लागू होते. २० झाली की पीएफ आणि बोनस. त्यामुळे १४ वर पीएफची सक्ती नाही, बाकीचं आहे. महाराष्ट्रात लेबर वेलफेअर फंड पाच माणसांपासूनच लागतो, वर्षातून दोनदा जून आणि डिसेंबरला, कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये. रक्कम अगदी किरकोळ आहे आणि बहुतेक तीच भरायची राहून जाते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झाले, त्यात जुने कायदे एकत्र झालेत आणि काही व्याख्या बदलल्यात, पण हे १० आणि २० चे आकडे तसेच आहेत.

माणसं मोजताना कॉन्ट्रॅक्टवाले, हेल्पर, हाऊसकीपिंगवाली बाई हे पण धरायचे का?

हो, धरायचे. तुमच्या रोलवर १६ आणि लेबर कॉन्ट्रॅक्टरचे ६ असतील तर पीएफसाठी तुम्ही २२ आहात. कॉन्ट्रॅक्टरने पीएफ भरला नाही तर वसुली शेवटी तुमच्याकडे येते, कारण मूळ मालक तुम्ही. म्हणून कॉन्ट्रॅक्टरचं बिल पास करण्याआधी त्याच्याकडून मागच्या महिन्याचं ईसीआर (पीएफचं महिन्याचं रिटर्न, त्यात माणसांची नावं असतात) आणि चलन मागा, आणि त्यात तुमच्याकडे आलेल्या माणसांची नावं खरंच आहेत का ते बघा. नुसत्या चलनाच्या झेरॉक्सवर जाऊ नका, ते दुसऱ्याच साइटचं असू शकतं.

आणि एकदा पीएफ लागू झाला की नंतर माणसं १८ झाली, १२ झाली तरी तो आपोआप सुटत नाही.

पीएफ किती कापायचा आणि ते पैसे जातात कुठे?

कामगाराचे १२ टक्के, मालकाचे १२ टक्के. कामगाराचे सगळे त्याच्या पीएफ खात्यात. मालकाच्या १२ मधले ८.३३ टक्के पेन्शन स्कीममध्ये आणि ३.६७ टक्के पीएफ खात्यात. पगाराची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे, म्हणजे १५,००० वर हिशोब केला तर कामगाराचे १,८००, मालकाचे १,२५० पेन्शनला आणि ५५० पीएफला. त्याशिवाय मालकाला ०.५ टक्का विम्यासाठी आणि ०.५ टक्का ॲडमिन चार्ज, तो महिन्याला किमान ५००.

हा जो ०.५ टक्क्याचा विमा आहे तो ईडीएलआय, १९७६ पासून चालू आहे आणि निम्म्या कामगारांना माहीत नसतो. नोकरीत असताना माणूस गेला तर कुटुंबाला जास्तीत जास्त ७ लाख मिळतात, मृत्यू कामावर झाला पाहिजे असं काही नाही, घरी हार्ट ॲटॅक आला तरी मिळतात. त्याच्या पगारातून यासाठी एक रुपया कापला जात नाही.

आमची पोरंच म्हणतात की पीएफ कापू नका, हातात द्या. काय करायचं?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो आणि कामगाराचं म्हणणं चूक नसतं. घरभाडं, गावाकडे पाठवायचे पैसे, बाइकचा हप्ता, त्यात १,८०० कमी येणं त्याला जाणवतंच. पण ज्याचा पगार १५,००० च्या आत आहे त्याला पीएफ सोडायचा पर्यायच नाही. ज्याचा पगार त्याहून जास्त आहे आणि जो आधी कधीच मेंबर नव्हता त्यालाच जॉइन होताना बाहेर राहता येतं. आधीच्या कंपनीत मेंबर असेल आणि खातं चालू असेल तर मग नाही.

आमचा सल्ला असा की मुलांना बसवून हिशोब दाखवा. १५,००० वर दरमहा २,३५० खात्यात जातात (त्याचे १,८०० आणि तुमचे ५५०), ८.२५ टक्के व्याज मिळत राहिलं असं धरलं तर ३० वर्षांनी ही रक्कम ३४-३५ लाखांच्या घरात जाते. २०२३-२४ आणि २०२४-२५ ला दर ८.२५ च होता. कागदावर मांडून दाखवलं की बरीच मुलं गप्प बसतात आणि मग पासबुक कसं बघायचं ते विचारतात.

बेसिक कमी दाखवून बाकी भत्त्यात टाकलं तर पीएफ वाचतो ना?

वाचत नाही, साठतो. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितलंय की जो भत्ता सगळ्यांना सरसकट दिला जातो तो पीएफसाठी बेसिकमध्येच धरायचा. आता नव्या कोडमध्ये तर वेतनाची व्याख्याच अशी आहे की घरभाडं, कन्व्हेयन्स वगैरे वगळायच्या गोष्टी एकूण पगाराच्या ५० टक्क्यांच्या वर गेल्या तर वरचा भाग परत वेतनात मोजायचा. म्हणजे २४,००० पगारात बेसिक ७,००० आणि बाकी सगळं 'स्पेशल अलाउन्स' ही जुनी स्लिप आता कुठेच टिकणार नाही, पीएफला नाही आणि ग्रॅच्युइटीला पण नाही. इन्स्पेक्शन लागलं की मागच्या काही वर्षांचा फरक एकदम काढला जातो, तो सुद्धा दोन्ही बाजूंचा, कारण गेलेल्या कामगाराकडून तुम्ही आता काय कापणार.

१५ तारीख चुकली तर किती बिघडतं?

पीएफ आणि ईएसआयसी दोन्हीची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची १५. उशीर झाला की पीएफवर वर्षाला १२ टक्के व्याज आणि त्याच्यावर महिन्याला १ टक्का दंड. मोठ्या कंपनीचं पेमेंट अडकलं की पहिलं पीएफ थांबवलं जातं, हे आम्ही नेहमी बघतो. पण कामगाराच्या पगारातून कापून घेतलेला हिस्सा हे त्याचे पैसे आहेत, ते वापरायचे नाहीत, बाकी काय पुढे ढकलायचं ते ढकला.

ईएसआयसी आहे, मग ग्रुप मेडिक्लेम कशाला?

२१,००० पर्यंत पगारवाल्यांना ईएसआयसी (अपंग कर्मचाऱ्यांना २५,००० पर्यंत). कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के, जुलै २०१९ पासून हेच दर आहेत. म्हणजे १८,००० पगारावर कामगाराचे १३५ आणि तुमचे ५८५. एवढ्यात त्याला, बायकोमुलांना आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना उपचार मिळतात आणि उपचाराच्या खर्चाला मेडिक्लेमसारखी लाखाची मर्यादा नसते. आजारपणात घरी बसला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार, बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण पगार, कामावर अपघात झाला तर ९० टक्के. कुठलीच खाजगी पॉलिसी या पैशात हे सगळं देत नाही. लोक ईएसआयसीला नावं ठेवतात, रांग असते, औषध कधी नसतं, सगळं खरं आहे, पण डायलिसिस किंवा कॅन्सरचा खर्च आला की कामगाराला हेच कार्ड तारतं. अंधेरी, मुलुंड, चिंचवड, बिबवेवाडी, कोल्हापूर, सोलापूर, नागपूर अशी त्यांची हॉस्पिटलं आहेत, आणि मोठ्या उपचाराला बाहेर रेफर पण करतात.

अडचण होते ती २१,००० च्या वर गेलेल्या माणसाची. काल सुपरवायझर झाला, २२,५०० पगार झाला आणि ईएसआयसीतून बाहेर पडला. (लगेच नाही पडत, एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च जो सहामाही कालावधी चालू आहे तो संपेपर्यंत कापायचंच असतं, तिथे बरेच अकाउंटंट घोळ घालतात.) या माणसाला ग्रुप मेडिक्लेम नसेल तर पगारवाढीने तो आधीपेक्षा उघडा पडला. म्हणून पगारवाढीचं पत्र आणि मेडिक्लेममध्ये नाव टाकणं ही दोन्ही कामं एकत्र करा.

ग्रुप मेडिक्लेम घेताना काय बघायचं? सगळे कोट सारखेच दिसतात.

प्रीमियमच्या आकड्याकडे शेवटी बघा. ग्रुपचा मुख्य फायदा हा की डायबेटिस, बीपी, जुनं ऑपरेशन असं आधीचं दुखणं पहिल्या दिवसापासून कव्हर करून घेता येतं, मेडिकल टेस्ट न करता. हे कोटमध्ये स्पष्ट लिहून घ्या. मग बाळंतपणाची मर्यादा, बाळ पहिल्या दिवसापासून धरतात का, को-पे (बिलाचा ठरावीक टक्का माणसाने स्वतः भरायचा) आहे का, आणि तुमची माणसं जिथे राहतात त्या भागातली किती हॉस्पिटलं कॅशलेसला आहेत. पॉलिसी पुण्याची आणि माणसं शिरूर-राजगुरुनगरची, असं असेल तर पुण्याच्या नेटवर्कची लांबलचक यादी काय कामाची?

आणि सगळ्यात जास्त भांडणं होतात ती रूम रेंटवर, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. समजा ३ लाखाचं कव्हर आहे आणि रूमची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. माणूस ॲडमिट झाला, जनरल वॉर्ड भरलेला होता म्हणून घरच्यांनी ६,००० ची रूम घेतली, चार दिवस. त्यांना वाटतं वरचे १२,००० आपण भरू. तसं होत नाही. रूम दुप्पट भावाची घेतली म्हणून सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे जे खर्च रूमच्या दर्जानुसार वाढतात ते सुद्धा निम्मेच मिळतात. रूमचे २४,००० पैकी १२,०००, सर्जन-ओटीचे १ लाख असतील तर ५०,०००, औषधं आणि तपासण्यांचे ४०,००० मात्र पूर्ण, कारण त्यांना ही कपात लावता येत नाही. बिल १,६४,०००, मिळाले १,०२,०००, खिशातून ६२,०००. डिस्चार्जच्या दिवशी बिलिंग काउंटरवर हे कळतं आणि रात्री दहाला मालकाला फोन येतो.

म्हणून शक्य असेल तर रूम रेंटची मर्यादा काढून टाकणारी पॉलिसी घ्या, थोडा प्रीमियम वाढतो पण वाढू दे. नाहीच जमलं तर प्रत्येकाच्या मोबाइलवर मराठीत एक मेसेज ठेवा की ॲडमिट होताना अमुक रुपयांपर्यंतचीच रूम मागा.

साधारण ७ माणसांपासून ग्रुप पॉलिसी मिळते. आणि जीएसटीचं विचाराल तर सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी गेला, ग्रुप पॉलिसीवर १८ टक्के अजून आहे, तो धरूनच बजेट करा. प्रीमियम चेकने किंवा ऑनलाइन भरा, रोख भरलेल्याची इन्कम टॅक्समध्ये वजावट मिळत नाही.

आईवडिलांना घ्यायचं का? प्रीमियम खूप वाढतो.

वाढतोच, आणि पुढच्या वर्षी क्लेम बघून अजून वाढतो. पण कर्मचाऱ्यांना तुम्ही विचारलंत तर पहिली मागणी हीच निघते, कारण साठीच्या माणसाला शुगर-बीपीसकट नवी पॉलिसी बाहेर सहज मिळत नाही. मधला रस्ता म्हणजे आईवडिलांचा प्रीमियम कर्मचाऱ्याने भरायचा, पगारातून हप्त्याने कापायचा, आणि त्यावर १०-२० टक्के को-पे ठेवायचा. असं केलं की ज्याला खरी गरज आहे तो घेतो आणि कंपनीवर बोजा येत नाही.

ॲक्सिडेंट आणि टर्म पॉलिसी वेगळी लागते का?

मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतं. बोट गेलं, डोळा गेला, माणूस सहा महिने घरी बसला, त्याचे पैसे मेडिक्लेम देत नाही. प्रेसशॉप, फाउंड्री, बांधकाम किंवा दिवसभर बाइकवर फिरणारी सेल्सची मुलं असतील तर ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट घ्याच, सगळ्या ग्रुप पॉलिसींमध्ये ही सगळ्यात स्वस्त पडते. ईएसआयसीत नसलेले कामगार असतील तर १९२३ पासूनची जी कामगार नुकसानभरपाईची जबाबदारी आहे ती थेट तुमच्यावर येते, त्याची वेगळी पॉलिसी असते, ती सोडू नका. ग्रुप टर्म (माणूस गेला तर कुटुंबाला ठरलेली रक्कम देणारा जीवन विमा) जमलं तर वार्षिक पगाराच्या दोन-तीन पट ठेवा.

ग्रॅच्युइटी तर पाच वर्षांनी द्यायची, आत्ता का विचार करायचा?

कारण ती दरवर्षी वाढत असते, बॅलन्सशीटमध्ये दिसली नाही तरी. हिशोब सोपा आहे, शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. बेसिक १८,००० आणि १० वर्षं झाली तर १,०३,८४६ रुपये. यात गंमत अशी की शेवटच्या पगारावर सगळी वर्षं मोजली जातात, म्हणजे आज पगार वाढवला की मागच्या दहा वर्षांची ग्रॅच्युइटी पण आजच वाढली. मर्यादा २० लाख आहे, मार्च २०१८ पासून. माणसाने नोकरी सोडल्यावर ३० दिवसांत द्यायची असते.

नोकरीत मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट नाही. आणि नव्या कोडप्रमाणे ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाला एक वर्षानंतरच हिशोबाप्रमाणे द्यावी लागते. तेव्हा दरवर्षी करार संपवून नव्याने घ्यायचं आणि ग्रॅच्युइटी टाळायची, हा मार्ग बंद झाला असं समजा.

एलआयसी किंवा दुसऱ्या विमा कंपनीकडे ग्रुप ग्रॅच्युइटी फंड काढला तर दरवर्षी थोडे थोडे भरता येतात, मंजूर ट्रस्टमधून भरलेलं खर्चात धरता येतं, आणि तीन जुनी माणसं एका वर्षात रिटायर झाली तरी ओव्हरड्राफ्टला हात लावावा लागत नाही.

पीएफ आणि पेन्शन आहे, मग रिटायरमेंटची वेगळी सोय कशाला?

पेन्शनचा हिशोब करून बघा. १५,००० च्या मर्यादेवर, वर्षं भागिले ७०. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला ५८ व्या वर्षी महिन्याला साडेसहा हजारांच्या आसपास. किमान पेन्शन १,००० रुपये आहे आणि त्यासाठी १० वर्षं पूर्ण लागतात. यात आज घर चालत नाही, वीस वर्षांनी तर प्रश्नच नाही.

ज्यांना जमेल त्यांना व्हीपीएफ सांगा, १२ टक्क्यांच्या वर स्वतःहून कापून घ्यायचं, व्याज तेच (वर्षाला अडीच लाखांच्या वर गेलेल्या स्वतःच्या हिश्श्याच्या व्याजावर मात्र टॅक्स). स्टाफसाठी कॉर्पोरेट एनपीएस (कंपनीमार्फत राष्ट्रीय पेन्शन योजना) चांगलं आहे, कारण नव्या टॅक्स रिजीममध्ये बहुतेक वजावटी गेल्या तरी मालकाने भरलेल्या एनपीएसची बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंतची सवलत राहिली आहे. कंपनीला जास्त खर्च न करता सीटीसीमध्येच (कंपनीचा त्या माणसावरचा एकूण वार्षिक खर्च) ते बसवता येतं. ५०,००० पगारवाल्या इंजिनिअरला हे समजावून सांगणारं कोणी नसतं म्हणून तो घेत नाही.

नॉमिनेशनवर तुम्ही एवढा जोर का देता?

कारण पैसे असून मिळत नाहीत, ते इथेच. नेहमीची केस अशी असते. मुलगा २२ व्या वर्षी लेथवर लागला, फॉर्मवर आईचं नाव. २७ व्या वर्षी लग्न, मग एक मुलगी. नॉमिनेशन तसंच. पीएफच्या नियमाप्रमाणे लग्नानंतर नवं नॉमिनेशन करावं लागतं, जुनं चालत नाही, हे त्याला कोणी सांगितलंच नाही. तो गेला की बायको ऑफिसात येते, आधारवर तिचं नाव माहेरचं, रेशनकार्डवर सासरचं, मॅरेज सर्टिफिकेट काढलेलंच नाही, आणि पीएफ खात्यात त्याच्या वडिलांच्या नावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं. एकेक कागद दुरुस्त करायला महिने जातात आणि तोपर्यंत मुलीची शाळेची फी कोणीतरी नातेवाईक भरत असतो.

वाईट याचं वाटतं की हक्क तिचा पूर्ण असतो. पीएफची रक्कम, ईडीएलआयचे पैसे, ग्रॅच्युइटी, आणि विधवा पेन्शन, ज्याला दहा वर्षांची अट पण नाही, एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी चालतं. दोन मुलांपर्यंत प्रत्येकाला २५ व्या वर्षापर्यंत वेगळी पेन्शन. एवढं सगळं असताना केवळ मोबाइलवर पंधरा मिनिटांचं ई-नॉमिनेशन राहिलं म्हणून अडतं.

म्हणून आम्ही नवीन कंपनी घेतली की पहिल्या महिन्यात कॅन्टीनमध्ये टेबल टाकून बसतो आणि प्रत्येकाचं ई-नॉमिनेशन, आधार, बँक खातं तिथल्या तिथे करून घेतो. ग्रॅच्युइटी आणि ग्रुप टर्मचं नॉमिनेशन वेगळं असतं, ते पण. तुम्ही आमच्याकडे आला नाहीत तरी चालेल, पण एवढं स्वतः करा. दरवर्षी दिवाळी बोनसच्या वेळी एकदा यादी फिरवा, या वर्षी कुणाचं लग्न झालं, कुणाला मूल झालं, एवढंच विचारा.

नवीन माणूस घेताना आणि जुना जाताना काय विसरायचं नाही?

घेताना आधी विचारा जुना यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) आहे का. असेल तर तोच चालवा, नवा काढू नका, दोन यूएएन झाले की ट्रान्सफरला त्रास होतो. नवा काढायचा असेल तर ऑगस्ट २०२५ पासून उमंग ॲपवर चेहरा दाखवून निघतो. आणि मेडिक्लेममध्ये नाव त्याच महिन्यात कळवा, विमा कंपनीकडे तुमचं आगाऊ डिपॉझिट संपलेलं असेल तर नाव चढत नाही, हे कोणी सांगत नाही आणि क्लेमच्या वेळी कळतं.

जाताना पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाका, नाहीतर तो पैसे ट्रान्सफर करू शकत नाही. त्याला सांगा की पीएफ काढू नकोस, ट्रान्सफर कर, पाच वर्षांच्या आत ५०,००० च्या वर काढलं तर टीडीएस जातो आणि पेन्शनची वर्षं पण पुसली जातात.

सरकारकडून मालकाला काही मदत मिळते का?

१ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ मध्ये नवीन माणसं घेतली तर प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत मालकाला माणसामागे महिन्याला ३,००० पर्यंत दोन वर्षं मिळू शकतात. ५० पेक्षा कमी माणसं असतील तर किमान २ जास्तीची घ्यावी लागतात, त्यापेक्षा मोठ्या कंपनीला ५, आणि ती सहा महिने टिकली पाहिजेत. पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या मुलाला पण दोन हप्त्यांत १५,००० पर्यंत. पीएफ वेळेवर आणि ईसीआर बरोबर असेल तरच.

आम्ही फक्त सहा जण आहोत. आमच्यासाठी काही आहे का?

आहे. प्रत्येकाच्या बँक खात्यातून दोन योजना चालू करा, प्रधानमंत्री जीवन ज्योती, वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा (१८ ते ५० वय) आणि प्रधानमंत्री सुरक्षा, २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा (७० पर्यंत). दोन्ही मिळून माणसी ४५६, तुम्ही भरलेत तर सहा जणांचे २,७३६. चाळिशीच्या आतल्या आणि इन्कम टॅक्स न भरणाऱ्यांना अटल पेन्शन. मालकाची आणि बहुसंख्य कामगारांची संमती असेल तर पीएफ स्वतःहून पण घेता येतो, आम्ही दोन-चार जणांच्या वर्कशॉपला सुद्धा तो घ्यायला सांगतो, चांगला फिटर टिकवायचा असेल तर उपयोग होतो.

तुम्हाला पैसे कुठून मिळतात?

पॉलिसीवर विमा कंपनी आम्हाला कमिशन देते, ते किती हे तुम्ही विचारलंत तर सांगतो, आणि कुठल्याही ब्रोकरला विचारत जा. पीएफ-ईएसआयसीच्या महिन्याच्या कामाची वेगळी फी असते, माणसांच्या संख्येवर. क्लेमच्या वेळी हॉस्पिटल आणि टीपीएशी (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) बोलायची फी नसते, ते आमचं कामच आहे.

पहिल्यांदा येताना मागच्या तीन महिन्यांचं पगारपत्रक, शेवटचं ईसीआर, ईएसआयसीचं चलन, चालू मेडिक्लेमची पूर्ण पॉलिसी (नुसतं पहिलं पान नको, अटींसकट) आणि कॉन्ट्रॅक्टरांची यादी घेऊन या.